बाच्या दोन्ही बाजूंची माणसं

माझ्या वडिलांच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजवीकडेही एक प्रवासी बसायचा. ज्यांनी आमच्याकडच्या काळीपिवळीतून, म्हणजे प्रवासी जीपमधून, कधी प्रवास केलेला नाही, त्यांना हे खोटं वाटेल. ड्रायव्हर सीटवर थोडा आत सरकतो, स्टेअरिंग तिरकं धरतो, आणि दाराच्या बाजूला आणखी एक माणूस अर्ध्या मांडीवर बसतो. डावीकडे दोन, कधी तीन. माझा बा मधे. दारव्हा ते बोरी अरब, बोरी अरब ते दारव्हा, एकतीस वर्षं.

बाला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून नजर कडेकडेने मरत जाते, तोच आजार. समोरचं दिसतं, बाजूचं जातं. दुखत नाही, खुपत नाही. हे मी जाणकार म्हणून सांगत नाही. सांगायचं आहे ते एवढंच, की ज्यांच्या घरी सत्तरीचे वडील अजून गाडी चालवतात, त्यांनी माझ्यासारखं वागू नये. मी दारव्ह्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी दहावीच्या वर्गात फळ्यावर डोळ्याची आकृती काढतो. घरातल्या डोळ्याकडे मात्र माझं लक्ष गेलं नाही.

पाण्याचा पेला

बाला सगळे देवसिंग ड्रायव्हर म्हणतात. आम्ही बंजारा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचे, आणि बाला त्याचा भारी अभिमान. "आपले आजे बैल हाकत होते, म्या जीप हाकतो. काम तेच," असं तो प्रत्येक नव्या प्रवाशाला सांगायचा. घरी आम्ही गोरबोलीत बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून आमचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो आहे.

सर्वात आधी लक्षात आलं ते माझ्या बायकोच्या, सुनीताच्या. जेवताना डावीकडे ठेवलेला पाण्याचा पेला बाच्या हाताने लवंडायचा. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून दोनदा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. ती बाजूने येऊन उभी राहिली की बा दचकायचा.

"बाचे डोये एकदा दाखवून आणा," ती म्हणाली.

"त्याले पेपरातली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात," मी म्हटलं. "वयानं हात थरथरते, दुसरं काही नाही."

तिने पेला उजवीकडे ठेवायला सुरुवात केली. थोड्या दिवसांनी उजवीकडचाही लवंडू लागला. मग ती पेला ताटाच्या वरच्या बाजूला, अगदी बाच्या नाकासमोर ठेवू लागली. पेले सांडायचे थांबले, आणि मला वाटलं, बघ, बरं झालं.

प्रमाणपत्र

हा भाग लिहायचं मी बरेच दिवस टाळलं.

बा एकोणसत्तर वर्षांचा असताना त्याच्या लायसन्सची मुदत संपत आली. या वयात नवं करून घ्यायला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा शाळेत परीक्षा चालू होत्या. बाला यवतमाळला न्यायचं म्हणजे एक दिवस रजा. मी एका एजंटला बाचे फोटो आणि आधारची झेरॉक्स दिली. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आलं. दृष्टी योग्य, ऐकणं योग्य, हातपाय योग्य, खाली सही आणि शिक्का. त्या तीन दिवसांत बा आमच्या तांड्यातून बाहेरसुद्धा गेला नव्हता. सही करणाऱ्याने बाला पाहिलं नव्हतं, आणि बानेही सही करणाऱ्याला पाहिलं नव्हतं.

मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. उलट म्हाताऱ्याचा त्रास वाचवला असं वाटलं. सगळेच असं करतात, हेही मनात होतं.

त्याच वर्षी मी दुसरी चूक केली, तीही प्रेमानेच. बाच्या मागे लागून त्याला प्रवासी वाहतूक सोडायला लावली. "आता कायले दिवसभर धूळ खातं? आराम कर," म्हटलं. जीप विकली आणि त्याला एक जुनी, लहान चारचाकी घेऊन दिली. बाजार कर, शेतात जा, पाहुण्यांकडे जा. एकटा, निवांत.

 चावी हातात घेऊन बा बराच वेळ नुसता उभा राहिला. मला वाटलं, आनंदाने गहिवरला असेल.

कमलबाई

दिवाळीनंतरची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस. सकाळी दहाच्या सुमारास बा गाडी घेऊन दारव्ह्याच्या आठवडी बाजाराला निघाला होता. बोरी अरबच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या कडेने कमलबाई वेचणीला चालली होती. गाडीच्या आरशाचा आणि दाराचा धक्का लागून ती खाली पडली. डावा हात मनगटाच्या वर मोडला.

कमलबाई बोरी अरबच्या बौद्ध वस्तीत राहते. पासष्टीची आहे. वीस-बावीस वर्षं ती बाच्या जीपमधून बाजाराला जायची, आणि तिची जागा ठरलेली. बाच्या लगेच डावीकडे. दुसरं कोणी तिथे बसलं तर, "ऊठ बापा, माही जागा आहे, भाऊले मारग कोन सांगन?" म्हणून उठवायची. सगळे हसायचे.

मी शाळेतून पोचलो तेव्हा लोक जमले होते. बा रस्त्याच्या कडेला बसला होता आणि कमलबाईचा चांगला हात त्याने दोन्ही हातांत धरला होता.

"कमल, तू कुठून आली? तू कुठून आली, बाई?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

लोकांनी तिथल्या तिथे निकाल लावला. देवसिंगच्या हातून एकतीस वर्षांत कोंबडी मेली नाही. बाईच आडवी आली असेल. वय झालं, ध्यान राहत नाही.

कमलबाई वेदनेने पांढरी पडली होती. तीच म्हणाली, "म्याच आली असन मधात. भाऊचा दोष नाही."

मी हे ऐकलं. मला पेले आठवले, चौकट आठवली, ते प्रमाणपत्र आठवलं. आणि मी गप्प राहिलो. एवढंच नाही, माझा जीव भांड्यात पडला. दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर होईपर्यंत मी सगळी धावपळ केली, औषधं आणली, तिच्या सुनेला धीर दिला. फक्त खरं बोललो नाही.

संध्याकाळी सुनीता पाणी देताना म्हणाली, "आता तरी बाचे डोये दाखवता, का अजून एक प्रमाणपत्र आणता?"

अमरावतीचा दिवस

दारव्ह्याहून नेरमार्गे बसने आम्ही अमरावतीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बाकांवर पन्नासेक माणसं, प्रत्येकाच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचं औषध, सगळे मिटल्या डोळ्यांनी बसलेले. बा शेजाऱ्याला म्हणाला, "झोपाले एवढ्या दूर यायची काय गरज होती?"

आधी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. बाने जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मला हायसं वाटलं, आणि बाने माझ्याकडे असं पाहिलं की पाहा, उगाच आणलं.

मग त्याला एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठे उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे खुर्चीवर होतो. बटणाचा टिक असा आवाज येतो. एकदा आला. मग बराच वेळ नाही. पुन्हा एकदा. मग शांतता.

"बाई," बा म्हणाला, "लाईट सुरू करा ना."

यंत्रावरच्या मुलीने हळूच माझ्याकडे पाहिलं. लाईट सुरूच होते.

डॉक्टरबाई तरुण होत्या. कागदावर दोन गोल होते, कडेने काळे आणि मधे थोडे पांढरे. त्यांनी बाच्या हातात कागद दिला, कारण आजार त्याचा होता, आणि त्यालाच सांगितलं. "बाबा, तुम्ही नळीतून बघितल्यासारखं बघता आहात. जे गेलं ते परत येणार नाही. जे आहे ते राखता येईल. रोज थेंब, आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन." मग विचारलं, "गाडी चालवता?"

"हो."

"आता नाही, बाबा."

बाने कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. मी विचारलं, अक्षरं तर सगळी वाचली, मग कसं? त्या म्हणाल्या, अक्षरं समोर असतात. रस्त्यावरची माणसं बाजूने येतात. नुसत्या तक्त्यावर हे कळतही नाही, चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि आतली नस दरवर्षी तपासून घ्यावी लागते. निघताना त्या मला म्हणाल्या, "हे घराण्यात चालतं. तुम्हीही तपासून घ्या." मी हो म्हटलं. आज गर्दी आहे, असं म्हणून त्या दिवशी टाळलं. मला भीती वाटली होती.

वॉर्डातले दोन ड्रायव्हर

ऑपरेशनसाठी दोन दिवस राहावं लागलं. शेजारच्या खाटेवर नेरकडचे एक निवृत्त बस ड्रायव्हर होते. दोघांच्याही एकेका डोळ्यावर पट्टी. पहिल्या तासाभरातच त्यांचं जुळलं, म्हणजे भांडण सुरू झालं.

"तुमी काळीपिवळीवाले म्हंजे आमच्या डोक्याले ताप," ते म्हणाले. "वळणावर थांबत, हात दाखवला का करकचून ब्रेक."

"तुमी हात दाखवूनही थांबत नव्हते," बा म्हणाला. "म्हणून तं लोक माह्या गाडीत येत."

"अन् ते ड्रायव्हरच्या बाहीरून मानूस बसवाचं काय खूळ होतं?"

"खूळ कायचं? लय कामाचा मानूस राह्यते तो."

नर्स येऊन दोघांना दटावून गेली. थेंब टाकायचे, खाली वाकायचं नाही, जोर करायचा नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. माझं काम घड्याळ बघायचं. थेंब टाकताना बा लहान मुलासारखा डोळा घट्ट मिटायचा आणि थेंब गालावर. तिसऱ्या वेळी ते बसवाले म्हणाले, "मास्तर, खालची पापणी थोडी ओढा, तिची वाटी करा, अन् वाटीत सोडा." तेव्हापासून आजपर्यंत एकही थेंब वाया गेला नाही. शिकवलेलं कामी येतं, पण कधीकधी शिकवणारा बाजूच्या खाटेवर असतो.

दुपारी ते सहज म्हणाले, "आमचे डोये डेपोत तपासत. एका साली मले सहा महिने गाडी देल्ली नव्हती. तवा शिव्या देल्ल्या म्या. तुमचे कोन तपासे?"

"माह्या पोट्ट्यानं केलं सगळं," बा म्हणाला. आवाजात कौतुक होतं. "मास्तर आहे ना. डॉक्टरचा कागद, लायसन, सारं त्यानंच बरोबर करून देल्लं."

मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि नळाशी बराच वेळ उभा राहिलो.

बसस्टँडवर

सुट्टी झाल्यावर अमरावतीच्या बसस्टँडवर चहा घेतला. बाच्या डोळ्यावर काळा चष्मा. मी ठरवून सांगितलं, एका दमात. की तुला कोणी तपासलं नव्हतं, कागद मी तसाच आणवला होता. सुनीताने सांगूनही मी ऐकलं नाही. लोक कमलबाईला दोष देत होते तेव्हा मी तोंड शिवून उभा होतो.

बाने चहा संपवला. मला वाटलं, उठून जाईल.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

"काय?"

"का मले कोनं तपासलं नाही. म्या घरीच होतो ना, बेटा. म्या काय येडा आहो?" कप बाजूला ठेवून तो म्हणाला, "म्या खूश झालतो. तपासलं असतं तं सापडलो असतो."

मग बाने जे सांगितलं ते मला आजवर कोणत्याही पुस्तकात दिसलेलं नाही. जीप चालवत असतानाच, शेवटची दोन-तीन वर्षं, त्याला कळत होतं की बाजूची माणसं एकदम उगवतात. म्हणून तो उजवीकडे बडबडा माणूस बसवायचा आणि डावीकडे कमलबाई. त्यांना तो म्हणायचा, "बोलत राहा बापा, मले झोप येते." ते बोलायचे. 'बकऱ्या आल्या भाऊ', 'सायकलवाला आहे', 'थांबा, आजी चढून राह्यली'. सगळ्यांना तो बाचा स्वभाव वाटायचा. लोक जीपमध्ये बसत होते आणि बाला दिसत होतं.

"अन् तू म्हटलं, आता एकटा चालव," बा म्हणाला. "तवाच सांगाले पाह्यजे होतं. पन चावी गेली असती. देवसिंग ड्रायव्हर म्हणतात मले. चावी गेली का नुसता देवसिंग."

 माझं ओझं हलकं होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. फक्त आता ते दोघांचं झालं होतं.

बस लागली तसा बा उठला. "घरी नाही," तो म्हणाला. "आधी कमलकडे."

खरं सांगणं

कमलबाई अंगणात खाटेवर बसली होती. हात गळ्यात बांधलेला. सून भाकरी करत होती. बाला काळ्या चष्म्यात पाहून ती म्हणाली, "बावा, हिरो झाले काय भाऊ?"

बा बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "कमल, तू मधात नव्हती आली. तू कडेनंच चालून राह्यलती. मले दिसत नाही. तीन वर्सं झाले. म्या लपवलं."

"अन् खोटा कागद मी आणला," मी म्हटलं. "तुम्ही पडल्या तेव्हाही मी बोललो नाही."

मी तिच्या रागाची वाट बघत होतो. मला तो हवाही होता. पण तिचा चेहरा वेगळाच झाला. तिने सुनेला हाक मारली.

"ऐकलं का वं? म्या कडेनंच होती."

सून पदराला हात पुसत बाहेर आली. तिने आम्हाला सांगितलं, की त्या दिवसापासून कमलबाई घराबाहेर पडत नव्हती. आपलं डोकं चालत नाही, पाय कुठे पडतो ते कळत नाही, असं तीच धरून बसली होती. चुलीजवळ जायची नाही, नातवाला एकटी सांभाळायची नाही. सगळ्यांनी सांगितलं होतं ना, बाईच आडवी आली. दहा माणसं म्हणतात तर खरंच असेल.

मोडलेला हात मी पाहिला होता. हे मला माहीतच नव्हतं. मी गप्प राहिलो त्या प्रत्येक दिवशी ती स्वतःवरचा विश्वास थोडा थोडा गमावत होती.

"लय वाईट केलं तुमी दोघानं," कमलबाई शेवटी म्हणाली. शांतपणे. "हात जुळून येईन. पन म्या स्वतःले येडी समजत होती, त्याचं काय?"

 बा खाली मान घालून उभा. मग तिने चांगल्या हाताने खाटेवर जागा केली.

"बसा आता. पडसान नाहीतं. अन् ते चौकात, जिथं सारे अजून बोलून राह्यले, तिथंही सांगा. इथं अंगणात नाही चालनार."

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाने बोरी अरबच्या चौकात, पानठेल्यासमोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. मी शेजारी उभा होतो. एक-दोन जण हसले. बाने चावी माझ्या हातात दिली, सगळ्यांदेखत.

आता

मग मीही तपासून घेतलं. त्या घुमटात हनुवटी टेकवून बसलो तेव्हा प्रत्येक शांततेत मनात एकच प्रश्न यायचा. आत्ता लाईट लागला नाही, की लागला आणि मला दिसला नाही? डॉक्टरबाईंनी सांगितलं, सुरुवात आहे. नजर शाबूत आहे, दाब वाढलेला आहे. गाडी चालवता येईल, थेंब सोडायचे नाहीत, तपासणी चुकवायची नाही. बाचा आजार लवकर कळला असता तर बाचंही असंच झालं असतं, हे त्या बोलल्या नाहीत. मला ते कळलं.

आता सकाळ-संध्याकाळ मी बाच्या डोळ्यात थेंब टाकतो आणि बा माझ्या. त्याचा नेम चुकतो. पहिला थेंब बहुतेक कपाळावर पडतो. सुनीता म्हणते, मी टाकून देते, पण आम्ही दोघं ऐकत नाही.

ज्यांच्या घरी असे वडील आहेत त्यांना एवढंच सांगतो. एक दिवस त्यांच्या शेजारच्या सीटवर बसा आणि तोंड बंद ठेवा. बैल आला, सायकल आली, काही सांगू नका. आधी गाव सोडून मोकळ्या रस्त्यावर हे करून बघा, आणि हात हँडब्रेकजवळ ठेवा. फक्त बघा, त्यांना आपणहून काय दिसतं. आणि मग जे दिसेल ते त्यांना तोंडावर सांगा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन जा. माझ्यासारखे फोटो पाठवू नका. चावी घ्यावी लागली तर नुसती घेऊ नका, कुठे जायचं असेल तर नेऊन आणायची जबाबदारीही घ्या. आठवड्यातला एक दिवस तरी.

आमचा दिवस बाजाराचा. शाळा सकाळची असते, दुपारी मी गाडी काढतो. बा डावीकडे बसतो, पट्टा लावून. बोरी अरबला कमलबाई चढते. तिचा हात जुळला, थोडा वाकडा जुळला. ती मागे बसते, पण दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढून, म्हणजे पूर्वीच्याच जागी.

गेल्या आठवड्यात पुलाच्या अलीकडे झुडपातून एक बकरी रस्त्यावर आली. मला दिसली होती, मी ब्रेक लावलाही होता.

"बकरी, मास्तर," कमलबाई म्हणाली. मग बाकडे वळून, "भाऊ, तुमाले दिसली?"

बाने पूर्ण मान वळवून डावीकडे पाहिलं. बकरी तोवर पलीकडच्या शेतात उतरली होती.

"नाही," बा म्हणाला. "मले नाही दिसली."

आणि खिशातून सुपारी काढून त्याने आधी तिला दिली, मग मला.